प्रिंटर सापडत नाही

शुक्रवारी सकाळी अतियाने काउंटरवरचा कॉम्प्युटर लावला, पहिला रिपोर्ट उघडला आणि प्रिंटची कळ दाबली. एरवी भिंतीपलीकडून प्रिंटरची खरखर ऐकू यायची आणि पाठोपाठ माधवी कोमट कागद आणून द्यायची. आज माधवी दारात आली ती हात हलवत.

"काही आलंच नाही गं."

स्क्रीनवर चौकट उमटली होती : प्रिंटर सापडत नाही.

टेमघरमधली ही पॅथॉलॉजी लॅब तशी लहानच. पुढे अतियाचं काउंटर, मागे माधवीची तपासणीची खोली, आणि दोघींत मिळून एक प्रिंटर. तो माधवीच्या कॉम्प्युटरला जोडलेला होता, पण रिपोर्ट निघायचे अतियाच्या कॉम्प्युटरवरून. मध्यंतरी कुठल्याशा व्हायरसने लॅबचे जुने रिपोर्ट कुलूपबंद करून टाकले होते. तेव्हापासून लॅबच्या मालक डॉक्टरांनी धसका घेतला आणि काल संध्याकाळी ठाण्याच्या एका कंपनीकडून फायरवॉल बसवून घेतली. बसवणारा जाताना म्हणाला होता, "आता परकं कोणी आत शिरणार नाही." शिरलंही नसेल. पण या खोलीतल्या कॉम्प्युटरला त्या खोलीतला कॉम्प्युटरही परका झाला होता. मेल बंद, व्हॉट्सॲप बंद. आणि डॉक्टर स्वतः भाचीच्या लग्नाला लखनौच्या विमानात बसलेले.

अतियाने भूपेशला फोन लावला. लॅबची कॉम्प्युटरची कामं तोच बघायचा.

"मॅडम, काही मोठं नाही," भूपेश म्हणाला. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. "फायरवॉलने प्रिंटर शेअरिंग अडवलंय. सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिली की झालं."

"मग सांगा ना, कुठे देऊ?"

त्याने सांगितलं तिथे ती गेली. परवानगीची चौकट फिकट करडी होती. तिच्यावर कितीही टिचक्या मारल्या तरी खूण उमटत नव्हती.

"ॲडमिन पासवर्ड लागेल," भूपेश म्हणाला. "तो कंपनीवाल्यांकडे. मी त्यांना फोन करतो. आणि येतोच, पण काल्हेरला गोडाऊनमध्ये अडकलोय, इथे सगळं ठप्प आहे. दुपार होईल."

"दुपार? अहो, माणसं बसलीत समोर!"

बसलीच होती. शुगरवाल्यांनी, थायरॉईडवाल्यांनी स्क्रीनचे फोटो काढून घेतले आणि कुरकुरत का होईना, निघून गेले. उरले दोघं. पडघ्याच्या पुढच्या गावातून आलेली मैना आणि तिचा नवरा मोरू. मोरूच्या तोंडाला गमछा गुंडाळलेला. गालाच्या आत गाठ झाली होती. तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता आणि आज त्याचा रिपोर्ट आला होता. नाक्यावरच्या ट्रस्टच्या दवाखान्यात मुंबईचे मोठे डॉक्टर फक्त शुक्रवारी बसायचे, तेही एक वाजेपर्यंत.

"ताई, आमचा कागद झाला का?" मैनाने तिसऱ्यांदा विचारलं.

"कागद आहे, पण निघत नाहीये. मशीन बिघडलंय. मोबाईल आहे तुमच्याकडे?"

मैनाने पिशवीतून बटणांचा फोन काढून दाखवला.

अतियाने रिपोर्ट उघडला. आधी न वाचता फोटो काढायचा असं तिने ठरवलं होतं. पण डोळे कुठे ऐकतात? खालच्या ओळीत, ठळक अक्षरांत, कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. तिने घाईने मान वर केली. मैना तिच्याच तोंडाकडे बघत होती.

"चल, प्रिंटरच इकडे आणू," ती माधवीला म्हणाली. दोघींनी ते धूड उचलून काउंटरवर ठेवलं, वायर तिच्या कॉम्प्युटरला खुपसली. चौकट आली : पासवर्ड द्या. अतियाने लॅबचं नाव घालून पाहिलं, डॉक्टरांच्या मुलीचं नाव घालून पाहिलं. मग कॉम्प्युटरने चौकटही दाखवायची बंद केली.

पेशंटच्या रिपोर्टचा फोटो आपल्या मोबाईलवर घेऊ नका, अशी लॅबच्या डॉक्टरांची दोघींना सक्त ताकीद होती. तरी तिने स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढला आणि शेजारच्या यहयाच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे धावली. यहया जुम्म्याच्या नमाजला निघण्याच्या बेतात होता, शटर अर्धं ओढलेलं.

"यहयाभाई, एकच निकालो. दवाखान्याचं आहे."

त्याने काही न विचारता मशीन पुन्हा चालू केलं. कागद निघाला तो ढगाळ, कडा काळ्या, मधोमध ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. अतियाने त्यावर लॅबचा शिक्का मारला आणि मैनाच्या हातात दिला. "रिक्षाने जा. डॉक्टर उठायच्या आत पोचा."

ती दोघं परत आली तेव्हा अतियाला काही विचारावं लागलं नाही. कागद मैनाच्या हातात तसाच होता.

"न्हाय घेतला," मैना म्हणाली. "दारावरची बाई बोलली, ह्यो कोनाचा मोबाईलमदला फोटू हाय, सही दिसत न्हाय, नाव दिसत न्हाय. मी बोलले, डाक्टरला तरी दाखवा. तवर डाक्टर गाडीत बसला. आता म्होरल्या शुक्रवारी."

"मी फोन करते तिकडे," अतिया म्हणाली. तिने केला. वाजत राहिला. पुन्हा केला. मग भूपेशला केला, तो म्हणाला कंपनीवाले जेवायला गेलेत. लॅबच्या डॉक्टरांचा फोन बंदच होता. ज्याला ज्याला फोन करता येईल त्याला करून झाला, आणि तिला कळलं की आता आपल्या हातात काहीच राहिलेलं नाही.

मोरू बाकावर बसला होता. गमछ्याआडून तो काहीतरी बोलला, ते शब्द एकात एक मिसळले. मैनाला कळले. "पानी पायजे त्याला." माधवीने पाणी आणलं. गमछा जरासा सरकवून तो थेंब थेंब पीत राहिला.

मैना काउंटरपाशी आली आणि आवाज खाली आणला.

"ताई, तुमी वाचलाय. मी बघितलं तुमाला वाचताना. काय लिवलंय?"

"मला सांगता येत नाही मावशी. ते डॉक्टरांनी सांगायचं असतं."

"डाक्टर तं गेला."

अतियाने की-बोर्डवरची धूळ बोटाने पुसली. खोटं बोलावं तर आठवडा जाणार, आणि तो आठवडा त्या गाठीचा होणार. खरं बोलायचा तिला अधिकार नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता.

"शुक्रवारची वाट नका बघू," ती शेवटी म्हणाली. "परळला जा. सोमवारीच जा."

परळ म्हणजे कॅन्सरचं हॉस्पिटल; ते नाव काढल्यावर या भागात कोणी पुढचं विचारत नाही. मैनानेही विचारलं नाही. तिने काउंटरची कड धरली, मग मागे वळून नवऱ्याला म्हणाली, "चल, गाडी भेटंल आता."

भूपेश आला तो घामाने डबडबलेला. कंपनीकडून पासवर्ड घेऊन आला होता. त्याने प्रिंटर परत आत नेला, करड्या चौकटीवर खूण केली. एवढंच. आतून प्रिंटर खरखरू लागला आणि थांबेचना. अतियाने सकाळपासून मोरूच्या रिपोर्टसाठी जितक्या वेळा कळ दाबली होती तितक्या त्याच्या प्रती निघाल्या. माधवीने गठ्ठा आणून ठेवला.

"बघा, दोन मिनिटांचं काम," भूपेश म्हणाला. अतियाने रजिस्टरमधला मैनाचा नंबर फिरवला. फोन लागत नव्हता.

शनिवारी मैना एकटीच आली. अतियाने रिपोर्ट पाकिटात घालून ठेवला होता.

"येत न्हाय म्हनतो," मैना म्हणाली. "रातभर समजावला. बोलतो, लॅबमदल्या पोरीच्या बोलन्यावर मी परळला जाऊ? डाक्टरनी कागद हातात घेऊन सांगितलं आसतं तं गोष्ट येगली. काल तो तयार होता वो ताई. काल भ्याला होता, ऐकला आसता. आज शेतावर गेला."

"मी बोलू त्यांच्याशी?"

मैनाने आपल्या फोनवरून मोरूचा नंबर लावून दिला. अतिया बोलली. सोमवारी जा म्हणाली, गोड बोलली, मग कडक बोलली. तो शब्दही शेवटी उच्चारला. पलीकडे फक्त जड श्वास आणि कुठल्याशा पक्ष्याची टिवटिव. मग फोन बंद झाला.

"काय बोलला?"

"काहीच नाही."

मैनाने पाकीट पदराखाली धरलं. "शुक्रवारी डाक्टरकडं आनते त्याला. आला तं." आणि ती पायऱ्या उतरून गेली.

पुढच्या शुक्रवारी अतियाने दुपारपर्यंत ट्रस्टच्या दवाखान्यात दोनदा फोन केला. दारावरच्या बाई म्हणाल्या, त्या नावाचं कोणी आलेलं नाही.

काउंटरवर एक माणूस रिपोर्टसाठी उभा होता. अतियाने नाव विचारलं, कळ दाबली. आतून लगेच कागद आला.