पोकळ मावलाया

इसवी सन १९९८, फेब्रुवारीचा अखेर. जालना जिल्ह्यातील शहागड येथे, महामार्ग गोदावरीच्या पुलाकडे उतरू लागतो त्याच्या डाव्या अंगास असलेली तातेरावांची जमीन. या जमिनीवर 'गोदाविहार' नावाचे करमणूक-उद्यान उभे राहत होते, आणि त्याची संपूर्ण आखणी शरयू परतूरकर हिची होती.

शरयूचे वडील नवीन जालन्यात बँकेत अधिकारी. ती औरंगाबादेस उपयोजित कला शिकली आणि मुंबईच्या एका संस्थेत इतरांनी कल्पिलेले किल्ले व गुहा कागदावर उतरवीत राहिली. पुण्याजवळ एक विशाल उद्यान व्हावयाचे होते आणि त्याचे मुख्य रचनाकार शरदचंद्र निफाडकर होते. त्यांनी तिची रेखाटने पाहून एवढेच म्हटले होते, "एक काम स्वतःच्या जबाबदारीवर पुरे करा. मी येऊन पाहीन, मग ठरवू." गोदाविहार हे ते एक काम होते.

उद्यानाचे मर्मस्थान म्हणजे 'काळोखी डोह' : कृत्रिम गुहा, तिच्यातून वाहणारा पाण्याचा अरुंद पाट, आणि पाटातून आपोआप पुढे सरकणाऱ्या होड्या. गुहेत भीती कशाची घालावी, यावरून मालकाचे व तिचे कडाक्याचे भांडण झाले.

"ताई, मी मुंबईहून रबराचा सांगाडा मागिवलाय," तातेराव म्हणाले. "बटन दाबलं की उठून बसतो. डोळ्यांत लाल लाइट. एकदम बराबर!"

"तातेरावकाका, सांगाड्याला लोक हसतात."

"हसू द्या की. हसायलाच तर येतेत."

"मग त्याला डोह कशाला म्हणायचं? रसवंती म्हणा."

तातेराव मोठ्याने हसले. "बिलकुल लेकीवानी भांडता बघा. करा तुमच्या मनासारखं. खर्चा माझा, भूत तुमचं."

अपरिचित वस्तूचे भय वाटते, असे म्हणण्याची प्रथा आहे. शरयूला ती मान्य नव्हती. अपरिचितापुढे माणूस केवळ दचकतो. भय वाटावयास आधी ओळख असावी लागते, असे तिचे प्रतिपादन होते, आणि ते खोडून काढणे सोपे नाही. या भागातील प्रत्येक मूल मावलायांना ओळखते. डोहाच्या काठी शेंदूर लावलेल्या सात दगडांच्या रूपाने बसणाऱ्या त्या पाण्याच्या देवी. त्यांना हिरव्या बांगड्या आणि दहीभात द्यावा लागतो, आणि मान चुकला तर त्या पाण्यात माणूस ओढतात. शरयूने गुहेच्या शेवटच्या वळणावर मावलाया बसवावयाचे ठरविले.

तारेची जाळी, तिच्यावर गोणपाट आणि वरून सिमेंटचा पातळ थर, असे सात दगड तिने स्वतः घडविले. ते आतून पोकळ होते. दोन बोटांनी उचलता येत. पाण्याची पातळी, दिव्याचा कोन, दगडांवरून ओघळणारी ओल, सारे तिने परत परत तपासले. एकच गोष्ट तिला खुपत राहिली. तैलरंगाचा लालपणा दिव्याखाली दुकानातल्या खेळण्यासारखा चकाके. तिने रंग खरवडून काढला, अंबडच्या बाजारातून शेंदूर आणला, तिळाच्या तेलात कालवला आणि हाताने दगडांना लावला. आता तो लाल जसा हवा तसा दिसला: जुना, दाट, प्रकाश गिळणारा.

तातेरावांच्या पत्नी पुष्पाबाई तेव्हा गुहेच्या तोंडाशी उभ्या होत्या.

"हे काय लावून राह्यल्या?"

"शेंदूर, काकू. रंग खोटा दिसत होता."

पुष्पाबाईंनी तिच्या लाल तळव्यांकडे पाहिले. "मंग आता खोटं काय राह्यलं?" एवढे बोलून त्या निघून गेल्या. शरयूला ती आपल्या कामाची प्रशंसा वाटली.

गुढीपाडव्याला उद्यान उघडले. पहिली होडी गुहेत शिरताना आतील बायका किंचाळत होत्या, एकमेकींना चिमटे काढीत होत्या. शेवटच्या वळणावर आवाज एकदम थांबला. होडी बाहेर आली तेव्हा सर्वजणी हात जोडून बसल्या होत्या. शरयूने आपल्या वहीच्या कडेला खूण केली: परिणाम साधला.

दुसऱ्या दिवशी दगडांपुढे हिरव्या बांगड्या होत्या. त्या तिने ठेवल्या नव्हत्या. आठवडा संपेतो गुहेच्या दाराशी चपलांचा ढीग पडू लागला. घसरगुंडी आणि आकाशपाळणा ओस पडले. लोक थेट डोहाकडे येत. लहान मुलांना होडीत बसवीत नसत. तिकिटे फाडणाऱ्या कचरूशी रोज वाद होई.

"देवीला तिकीट लावता व्हय रे? उद्या पाया पडायचंबी भाडं घेसान!"

"आजी, म्या नोकर माणूस. देवी ताईंनी बनविल्या, त्यांना इचारा."

"मावलाया कुनी बनवीत असतं का, मुडद्या?"

पाट वाहता ठेवणाऱ्या पंपाची निगाही कचरूकडेच होती. एके दुपारी तो शरयूपाशी आला. "ताई, पंप बंद करून आल्तो. पाणी चालूच हाय."

"बंद केल्यावर थोडा वेळ वाहतंच पाणी."

"तेच म्हणतो. थोडा येळ व्हता आधी. आता माझं जेवण व्हऊन जातं."

तिने स्वतः पाहिले. बंद पंपाच्या तोंडाशी पाणी संथ होते. आत, वळणावर, ते फिरत होते. उताराचे गणित कोठेतरी चुकले असावे, असा निष्कर्ष तिने काढला. पण ते गणित तिने तीनदा केले होते, आणि तिची गणिते चुकत नसत.

निफाडकरांचा निरोप आला : येत्या रविवारी पोहोचतो. त्यांना देऊळ दाखवून चालणार नव्हते. दगड हलवा असे तिने मजुरांना सांगितले, तर ते हात जोडून मागे सरले. तातेरावांनी दुसरीकडे पाहिले. "रबराच्या सांगाड्याला कुनी नारळ फोडला नसता, ताई," ते पुटपुटले; या वेळी ते हसले नाहीत.

शनिवारी भर उन्हात तिने उद्यान बंद ठेवविले आणि घासलेटचा डबा व चिंध्या घेऊन ती एकटी पाटाच्या कडेकडेने आत गेली. शेंदूर पुसला की सिमेंट उघडे पडेल, एवढेच करावयाचे होते. पहिल्या दगडाला तिने सवयीने टिचकी मारली. पोकळ आवाज आला. दुसराही पोकळ. तिसऱ्याचा आवाज आलाच नाही. तिने दोन्ही हातांनी तो उचलू पाहिला. तो जागचा हलला नाही. तिने दिवा जवळ धरला. जाळीची किनार, गोणपाटाचा पोत, स्वतःच्या बोटांचे ठसे, जे जे ओळखावयास हवे ते शोधले. तो तिच्या दगडासारखाच होता. स्वतःच्या हातचे कोणते आणि परक्याचे कोणते, हे तिला नजरेने सांगता येईना.

"ती माझी हाय," मागून आवाज आला. पुष्पाबाई पाटाच्या काठाशी उकिडव्या बसल्या होत्या. "गोदेच्या डोहातून आणली. गाड्यात घालून, आमच्या गड्याच्या, भुजंगाच्या बैलांनी."

"काकू, का?"

"तुमच्या पोकळ व्हत्या, बाई. पोकळ ठिवून चालत न्हाई. रिकाम्या जागी काय येऊन बसंल, सांगता येतं का?" त्यांनी शरयूच्या हातातून घासलेटचा डबा अगदी सहज काढून घेतला. "एक भरीव बसविली. बाकीच्या भरतीन आपोआप."

शरयू बाहेर आली. चिंध्या कोरड्याच होत्या.

रविवारी निफाडकर आले. पांढरा सदरा, खिशात मोजपट्टी. त्यांनी आकाशपाळण्याचे सांधे पाहिले, रस्त्यांची वळणे पाहिली आणि मान हलविली. "नेटकं आहे. डोळ्याला कुठे अडखळायला होत नाही." शरयूला वाटले, काम झाले. मग ते गुहेपाशी आले आणि बोलता बोलता, खाली न पाहता, त्यांनी आपले बूट काढले. ते त्यांच्या लक्षात आले नाही. तिच्या आले.

पंप बंद होता, तरी होडी निघाली. शेवटच्या वळणावर निफाडकरांनी काठाला धरून ती थांबविली.

"कशाचे केलेत?"

"जाळी आणि सिमेंट, सर. पोकळ आहेत. एक... एक सोडून."

त्यांनी खिशातील पेन काढले आणि कारागीर तपासतो तसे एकेका दगडावर वाजवीत गेले. पहिला. दुसरा. शरयू ऐकत होती. सातवा वाजवून होईतो एकाही दगडातून पोकळ नाद आला नाही. होडीखालचे पाणी हळूहळू त्यांना दगडांकडे ओढत होते आणि निफाडकरांचा काठाला धरलेला हात ताणला जात होता.

त्यांनी पेन खिशात ठेवले. उजेडात आल्यावर आपल्या अनवाणी पायांकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुम्हांला पुण्याचं काम मी देणार नाही. तिथे सगळं खोटंच राहायला हवं. आणि हे आजच बंद करा."