सात भागिले तीन

"तीनदा पट्ट्या सरकवून झाल्या. आता बहुतेक भिंतच सरकवायला सांगेल."

नणंदबाई माझ्या नवऱ्याच्या कानात पुटपुटल्या. पण आमचं चित्रांना चौकटी करायचं दुकान इतकं अरुंद, की एकाच्या कानात सांगितलेलं तिघांना ऐकू जातं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेवढी विद्या संसारात येतेच.

काम तसं साधं होतं. गिऱ्हाइकाची भिंत तीनशे सेंटिमीटर, पंचेचाळीस रुंदीची चार चित्रं, आणि दोन्ही टोकं धरून सारख्या अंतराच्या पाच मोकळ्या जागा. मी टेबलावर कागदाच्या पट्ट्या मांडल्या. वीस धरले, भिंत उरली. पंचवीस धरले, भिंत पुरेना. चोवीस धरले, चपखल बसलं. शाळा सातवीतच सुटली, तेव्हापासून माझी रीत हीच: आकडा धरायचा आणि ताडून बघायचा. लेकीला, म्हणजे आमच्या चिमणीलाही ती मीच शिकवली. मोठ्या कौतुकानं.

चिमणीचा 'तो पेपर' आठ दिवसांवर आला होता. फेरपरीक्षा हा शब्द घरात कोणी काढत नसे. एका तासात वीस समीकरणं. जमली तर ती पुढच्या वर्गात, नाही तर मैत्रिणी पुढे आणि ही जुन्याच बाकावर. मागच्या खेपेला तिची नऊच झाली होती, नऊच्या नऊ बरोबर. "वेळ पुरला नाही बिचारीला," एवढं म्हणून आम्ही सगळे कामाला लागायचो.

त्या दुपारी ती टेबलाच्या कोपऱ्यावर वही घेऊन बसली. तीन क्ष अधिक पाच बरोबर बारा. तिनं दोन धरले, अकरा आले. तीन धरले, चौदा. मग दोन पूर्णांक तीन, मग दोन पूर्णांक चार, मग मधलं काहीतरी. पान भरलं, पण बारा काही येईनात.

"चिमणे, त्या क्षचा फोटो पोलिसांत दे," नवरा काच पुसत म्हणाला. "सापडला तर तेच आणून देतील."

"बाबा, गप्प बसा ना!"

नणंदबाईंना राहवलं नाही. हातातली फुटपट्टी ठेवून त्या वहीवर वाकल्या. "अगं, आधी तो पाच काढून टाक की. दोन्हीकडून. राहिलं काय?"

"तीन क्ष बरोबर सात."

"मग सातला तिनानं भाग. झालं! धरायचं काय नि सोडायचं काय त्यात?"

चिमणीनं लिहिलं, सात भागिले तीन. दोन ओळी. मग ते क्षच्या जागी घालून पाहिलं, नेमके बारा आले. तिनं पुढचं समीकरण घेतलं, तेही दोन ओळींत. त्याच्या पुढचंही. तिच्या गालावर हसू फुटलं आणि लगेच माझ्याकडे बघून विझलं.

नवऱ्याला एकाएकी काचेवर डाग दिसायला लागले. नणंदबाई म्हणाल्या, "तशी तुझीही रीत चांगलीच आहे हो, वहिनी. चित्रांना."

तिनं भरलेलं पान मी उलटून पाहिलं. मागेही आकडेच. दोन पूर्णांक तेहेतीस, दोन पूर्णांक चौतीस. माझाच हात, फक्त अक्षर तिचं. हे उत्तर जन्मभर धरत बसलं असतं तरी हाती लागलं नसतं.

"त्या दिवशी असलंच एक होतं का गं?" मी विचारलं.

"हो, दुसऱ्या नंबरचंच. त्यात अर्धा तास गेला." ती पेन्सिलीचं टोक चावत राहिली. मग हळूच माझ्या दंडाला टेकली. "आई, रागावू नकोस. मी तुझ्या रीतीमुळे नापास झाले."