नियम क्रमांक सहा

नववीच्या बीजगणिताला बसायचं तर आधी नियमावलीवर पालकांची सही लागते, हे वासंतीला जूनमध्येच कळलं. तिच्या लेकीनं, कल्याणीनं सकाळी डबा भरताना कागद पुढे केला. अकरा नियम होते. वही चौकटींचीच हवी. उत्तराखाली दोन रेघा. घंटेनंतर येणाऱ्यानं बाहेर उभं राहायचं. तासात शंका विचारायच्या नाहीत, चिठ्ठीवर लिहून शंकापेटीत टाकायच्या. आणि सहावा नियम असा, की चाचणीत दिलेले गुण अंतिम राहतील, त्यावर चर्चा होणार नाही. कंपनीची बस विश्रांतवाडीच्या चौकात येण्याच्या बेतात होती. वासंतीनं कणकेचा हात पुसला न पुसला आणि सही ठोकून दिली.

सप्टेंबरात पहिल्या चाचणीचा पेपर घरी आला. वीसपैकी सोळा. एक अख्खं उदाहरण लाल रेघेनं खोडलेलं.

"सोळा काही वाईट नाहीत गं," वासंती म्हणाली.

"आई, पण हे बरोबर आहे." कल्याणीनं पेपर पुढे सरकवला. "ताळा घेऊन बघ तू."

वासंती दहावीनंतर अकोल्याला आयटीआय शिकलेली. लग्नानंतर पुण्यात आली आणि आता भोसरीच्या एका कारखान्यात पंपांचे भाग तपासायचं काम करत होती. बीजगणित मागे पडलं होतं, पण आकडे नव्हेत. तिनं कागद जवळ ओढला. दोन एक्स अधिक वाय बरोबर अकरा. दोन एक्स उणे तीन वाय बरोबर उणे एक. कल्याणीचं उत्तर होतं, एक्स चार, वाय तीन. आठ नि तीन अकरा. आठातून नऊ गेले, उणे एक. दोन्हीकडे चोख बसत होतं.

"मग हे खोडलं कशाला?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. श्याम सरांनी हेच उदाहरण ऑगस्टमध्ये फळ्यावर सोडवलं होतं. वजाबाकी करताना उणे तीन वायचं चिन्ह बदलायचं राहिलं आणि वाय आला उणे सहा, एक्स आला साडेआठ. कल्याणीनं हात वर केला. "शंकापेटी," सर म्हणाले आणि फळा पुसला. तिनं चिठ्ठी टाकली. पेटीला छोटं कुलूप होतं, किल्ली मुख्याध्यापिका निशा मॅडमकडे. तीन आठवडे पेटी कुणी उघडली नाही. मग तेच उदाहरण चाचणीत आलं. ज्यांनी फळ्यावरचं चुकीचं उत्तर पाठ केलं त्यांना चारपैकी चार, आणि जिनं बरोबर सोडवलं तिला भोपळा.

वासंतीनं पेपर दोनदा वाचला. चुका तिलाही ठाऊक होत्या. रोज शेकडो भाग हाताखालून जातात, एखादा नजरेतून सुटतोच. पण चुकलेला माल पास करायचा आणि बरोबर माल भंगारात टाकायचा, हे तिनं उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती शाळेत गेली. निशा मॅडमनी श्याम सरांनाही बोलावून घेतलं होतं. ते खिडकीपाशी उभे होते, तिशीही न ओलांडलेले, हातातल्या खडूशी चाळा करत.

मॅडमनी फाइलमधून नियमावली काढून टेबलावर ठेवली. "ही सही आपलीच ना?"

"माझीच."

"मग आपण वाचूनच केली असेल, असं आम्ही धरून चालतो. सहावा नियम मी परत वाचून दाखवू का?"

"नको. मला वाचता येतं," वासंती म्हणाली. "मी चर्चा करायला नाही आले मॅडम, ताळा दाखवायला आले. एक कागद द्या."

"अहो, गणित माझा विषय नाही."

"माझाही नाही. बेरीज-वजाबाकी दोघींना येते, तेवढं पुरेल."

तिनं पेपराच्या पाठीवरच लिहायला सुरुवात केली. फळ्यावरचं उत्तर घेतलं. दोन वेळा साडेआठ, सतरा. त्यातून सहा गेले, अकरा. "पहिल्या समीकरणात बसलं. आता दुसऱ्यात बघा. सतरा, त्यात हे अठरा अधिक होतात. पस्तीस. यायला हवं होतं उणे एक." तिनं पेन खाली ठेवलं. "एका बाजूनं मापात बसला म्हणून मी पंपाचा भाग पास केला, तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील."

निशा मॅडमनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "एका मुलीचे गुण बदलले तर उद्या बावन्न पालक माझ्या दारात येतील. शिस्त म्हणून काही असतं."

"येऊ द्या ना! काहून भ्यायचं त्यांना?" रागाच्या भरात तिची वऱ्हाडी बोली वर आली. "बरोबर असेल तर दाखवा, चुकलं असेल तर सुधरा. पोरांनी चूक केली की तुम्ही लाल रेघ मारता. तुमच्या चुकीवर रेघ कोण मारणार?"

"आवाज खाली ठेवा. आपण कारखान्यात नाही."

"कारखान्यात ऐकून तरी घेतात," वासंती म्हणाली आणि उठली.

बुधवारी सूचनाफलकावर कागद लागला. मुद्रणदोषामुळे प्रश्न चार रद्द, सर्व विद्यार्थ्यांना त्याचे पूर्ण गुण.

"मुद्रणदोष?" कल्याणीनं सांगितलं तेव्हा वासंती ओरडलीच. "फळ्यावर छापखानेवाला येऊन लिहून गेला होता का?"

"माझे वीस झाले," कल्याणी म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "माझ्या वर्गातल्या उत्कर्षानं काल गृहपाठात परत तशीच वजाबाकी केली. मी सांगितलं तर म्हणाली, सरांनी असंच शिकवलंय आणि मला चारपैकी चार आहेत. ती माझं का ऐकेल?"

वासंतीला तेव्हा उमगलं. गुणांसाठी भांडून ती निम्मंच भांडली होती. बावन्न पोरं चुकीचं शिकून बसली होती आणि शाळेनं सगळ्यांना गुण वाटून ती चूक झाकून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना ती शाळेच्या फाटकाशी उतरली. निशा मॅडम गाडीत बसत होत्या. "तो विषय आता संपला," एवढं म्हणून त्यांनी काच वर केली. वासंती तिथंच उभी राहिली. थोड्या वेळानं श्याम सर बाहेर आले. तिला बघून थबकले, मग स्वतःच जवळ आले.

"ताई, एक बोलू? मला त्याच दिवशी कळलं होतं. घरी गेल्यावर वही चाळताना."

"ऑगस्टमध्ये?"

"हो. मॅडमना सांगितलं मी. त्या म्हणाल्या, शिक्षकानं फळ्यावरचं मागं घेतलं तर वर्गात वचक राहत नाही. माझी नोकरी कंत्राटी आहे, ताई. दर मे महिन्यात नव्यानं अर्ज करावा लागतो. तुमची मी माफी मागतो."

वासंतीला क्षणभर त्यांची कीव आली. पण लेकीच्या पेपरावरची ती लाल रेघ डोळ्यांपुढे आली आणि कीव विरली.

"म्हणजे पेपर तपासताना तुम्हाला माहीत होतं," ती सावकाश म्हणाली. "बरोबर उत्तर समोर होतं आणि तुम्ही ते खोडलंत."

"हो," सर म्हणाले.

"माफी मला नको, सर. मी नववीत नाही. ज्यांना चुकीचं शिकवलं त्यांना सांगा."

त्या शनिवारी कारखान्याला सुट्टी होती आणि शाळाही लवकर सुटली. कल्याणी घरी आली, दप्तर खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, "आज सरांनी ते उदाहरण परत घेतलं. म्हणाले, मी चुकलो होतो, सगळ्यांनी वहीतलं खोडा. चिन्ह का बदलतं तेही नीट सांगितलं. उत्कर्षानं दोन शंका विचारल्या, तासातच. सरांनी उत्तरं दिली."

"मग? मॅडम काही बोलल्या?"

"त्यांना बहुतेक कळलंच नाही. पाच मिनिटांत झालं सगळं."

वासंती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"पाच मिनिटं," ती म्हणाली. "पाच मिनिटांचं काम होतं!" आणि परातीतल्या पिठावर तिनं असा तळवा आपटला, की कल्याणी दोन पावलं मागे सरली.