पाऊण लिटर

ठिणगीनं रेडिएटर दोन्ही हातांनी धरला आणि गदागदा हलवला. आतलं पाणी खळखळलं. मग तिनं तो बादलीवर उपडा केला. पाण्याबरोबर काळे कण पडले, चहाच्या गाळासारखे.

"नवाकोरा म्हणून विकतात आणि आत उकिरडा!"

"माणसाचंही तसंच असतं," बाबा खाटेवरून म्हणाले. "हलवल्याशिवाय कळत नाही."

"तुम्ही पडून राहा बरं."

बाबा पडलेलेच होते. खाटेच्या उशाशी टेबल, टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा, त्याच्या बाजूला पार्टांची खोकी. सगळं एकाच खोलीत, कारण दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर आणि तिथं आईचं राज्य. ठिणगी लोकांच्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर उभी करून द्यायची. घर बांधून व्हायच्या आधीच त्यात सोफा, पडदे, खिडकीतून येणारं ऊन. एक चित्र पूर्ण व्हायला चार-चार तास लागायचे आणि तेवढा वेळ डब्यातले पंखे मिक्सरसारखे बोंबलायचे. डायलिसिसहून आलं की बाबांचं डोकं ठणकायचं. ते उशी कानावर दाबून झोपायचा प्रयत्न करायचे, आणि ठिणगी स्क्रीनकडे बघत दात खायची.

म्हणून हे पाण्याचं खूळ. पंख्यांऐवजी पाणी फिरवायचं. पाणी प्रोसेसरवरची उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जाणार, तिथं थंड होणार, परत येणार. आवाज जवळजवळ नाहीच.

फक्त पाणी आणि वीज एकाच डब्यात. दोन महिने ती पार्ट निवडत होती आणि प्रत्येक पार्टाखाली लोकांनी लिहिलेलं वाचत होती, त्यातही फक्त शिव्या. चांगलं लिहिणाऱ्यांवर तिचा विश्वास नव्हता. तिसऱ्या आठवड्यात जोड सुटला. टाकीला तडा गेला. सकाळी उठून बघतो तर सगळं खलास. हे ती पुन्हा पुन्हा वाचायची आणि मग वहीत एका नावावर काट मारायची. असं करत करत प्रोसेसरवर बसवायचा तांब्याचा ठोकळा ठरला, पंप ठरला, नळ्या ठरल्या. रेडिएटर तिनं पहिल्यांदा ॲल्युमिनियमचा उचलला होता. दुकानवाल्या काकांनी तो हातातून काढून घेतला होता.

"तांब्याशेजारी ॲल्युमिनियम? पाण्यात दोघं एकमेकांना खातात. सवती आहेत त्या. तांब्याचाच घे."

तो हा तांब्याचा. आता ठरायचं राहिलं होतं ते आत भरायचं पाणी. रंगीत की बिनरंगी.

"बिनरंगी घे," बाबा म्हणाले. "पाणी पाण्यासारखं दिसू दे. नुसतं बघत बसायलाही बरं वाटेल."

"निळं भारी दिसतं."

"निळं काय, शाई आहे का?" त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. ओठ सालपटलेले होते. "आणि एवढी घाई कशाला करतेस? आवाजाची सवय झालीय मला आता."

ठिणगीला राग आला. दोन महिने मरमर करायची आणि यांना सवय झाली म्हणे. पण तेवढ्यात बाबांनी पाण्याची बाटली उचलली. आई रोज सकाळी कामावर जाताना ती भरून ठेवायची. पाऊण लिटर. दिवसभराचं सगळं त्यात, औषधाचा घोटसुद्धा. बाबांनी झाकणात थोडं ओतलं, तोंडात घेतलं, बराच वेळ ठेवलं आणि मग गिळलं.

"याला किती लागणार?" त्यांनी डब्याकडे हनुवटी केली.

"लिटरभर."

"बघ. माझ्यापेक्षा याची चैन आहे."

मागच्या खेपेला डायलिसिसच्या काट्यावर त्यांचं वजन साडेतीन किलो जास्त भरलं होतं. दोन दिवसांत साडेतीन किलो, म्हणजे नुसतं पाणी. तिथला टेक्निशियन सगळ्यांदेखत ओरडला होता. "काका, हे पाणी कुठं जातं माहितीय ना? फुफ्फुसात. कोरड्या जमिनीवर बुडाल एक दिवस." बाबा म्हणाले, काटा बिघडलाय. घरी आल्यावर आईनं त्यांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. नळाला हात लावणार नाही, म्हणून वदवून घेतलं. आपल्या नळाला तसाही कुणी चोरून हात लावू शकत नाही, असं ठिणगी तेव्हा म्हणाली होती. तो उघडला की भिंतीतला पाइप म्हशीसारखा हंबरायचा.

शेवटी रंगानं नळ्या खराब होतात असं कुठंतरी वाचून तिनं दुकानात बिनरंगीच सांगून ठेवलं. रेडिएटर धुऊन झाल्यावर तिनं त्याची परीक्षा लावली. ही युक्ती तिची स्वतःची, त्यामुळे फार लाडकी. डिस्टिल्ड पाण्याचा पाच लिटरचा कॅन स्टुलावर ठेवला. त्यातून नळी काढून खाली रेडिएटरला जोडली. दुसरं तोंड बुचानं बंद. रेडिएटरखाली वर्तमानपत्र, त्यावर टिश्यू पेपर. आतली सगळी हवा बाहेर काढली आणि मग कॅनवर पाण्याच्या पातळीला मार्करनं रेघ मारली. दोन दिवस असंच ठेवायचं. कुठं सुईएवढं भोक असेल तरी पाणी रेघेखाली जाणार. स्टूल ठेवायला जागा एकच होती, खाटेशेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या खाली होतं. एक बोट.

ठिणगी गुडघ्यावर बसली. टिश्यू कोरडे, वर्तमानपत्र कोरडं. तिनं प्रत्येक जोडावरून करंगळी फिरवली आणि करंगळी गालाला लावून बघितली. कोरडी.

"काय गं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

तिसऱ्या दिवशी दोन बोटं. आणि तरीही सगळं कोरडं ठणठणीत. हे जास्त भीतीदायक होतं. दिसणारी गळती पुसता येते. हे पाणी जात होतं आणि कुठं जातंय ते दिसत नव्हतं. उद्या हाच रेडिएटर त्या डब्यात बसणार, खाली वीज. मग, नेहमीसारखं, त्या भीतीचा राग झाला. तिनं नळी काढली, रेडिएटर पिशवीत कोंबला आणि दुकान गाठलं.

"हे घ्या तुमचं तांबं," तिनं पिशवी काउंटरवर आपटली. "चाळणी विकली मला."

"हळू, इंजिनियरबाई. काउंटर काचेचा आहे."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. रेडिएटरच्या एका तोंडाला बूच लावलं, दुसऱ्याला हवेचा पंप, त्यावर घड्याळासारखा काटा. हवा भरली आणि अख्खा रेडिएटर पाण्याच्या टबात बुडवला. दोघंही टबावर वाकले. एकही बुडबुडा आला नाही. काका मध्येच एका गिऱ्हाइकाला माउस दाखवून आले. काटा होता तिथंच.

"गळत नाहीये."

"मग पाणी कुठं गेलं?"

"किती गेलं?"

"दोन बोटं. पाच लिटरच्या कॅनमधून."

काकांनी खालून तसलाच एक कॅन काढला, त्यावर दोन बोटं आडवी धरली, ओठ हलवत हिशोब केला.

"पाऊण लिटर. एवढं गळलं असतं तर फरशीवर तळं झालं असतं. फरशी ओली होती?"

"कोरडी."

"मांजर आहे घरात?"

"मांजर स्टुलावर चढून कॅनमधून पाणी पितं का?"

"मग कुणीतरी प्यायलंय," काका हसत म्हणाले आणि मागच्या फळीकडे वळले. "आणि तू सांगितलेलं बिनरंगी आलंय बरं का. तयार मिश्रण, आत गंज धरू नये म्हणून रसायन घातलेलं. फक्त जपून ठेव, चवीला गोडसर असतं. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यानं सांडलेलं चाटलं होतं. दोन दिवसांत गेलं बिचारं. पहिला वार किडनीवर."

त्यांनी कॅन समोर ठेवला. आत पाणीच होतं, बघणाऱ्याला. तितकंच स्वच्छ. ट्यूबलाइट त्यात हलत होती.

ठिणगीनं त्याला हात लावला नाही. पाऊण लिटर हे माप तिला हिशोब न करता माहीत होतं. ते रोज सकाळी आईच्या हातून बाटलीत पडताना ती बघत आली होती. मग तिला डिस्टिल्ड पाण्याचा आधीचा कॅन आठवला. तो रेडिएटर धुण्यातच संपला होता, अंदाजापेक्षा लवकर. तोही टेबलाखालीच असायचा, खाटेवरून हात पोचेल असा. आणि पंखे बोंबलत असताना झाकणाचा आवाज कुणाला येणार?

पाणी पाण्यासारखं दिसू दे.

"हे नको," ती म्हणाली. काका बघतच राहिले, म्हणून पुन्हा म्हणाली, "हे नको मला."

"अगं, तूच सांगितलंस. रंगानं नळ्या खराब होतात म्हणून डोकं खाल्लंस माझं."

"रंगीत द्या. सगळ्यात घाण रंग कुठला?"

"हिरवा आहे. शेवाळासारखा. कुणी घेत नाही."

"तो. पण घरी नाही नेणार. इथंच राहू द्या, मी डबाच उचलून आणीन. इथं भरू."

"एवढा जड डबा? आणि हा रेडिएटर?"

पण ती पायऱ्या उतरली होती.

घरी धावत जाताना तिनं स्वतःला दोन गोष्टी सांगितल्या. घरात आहे ते नुसतं पाणी आहे, विष नाही. आणि डायलिसिस उद्याच आहे. दुसरी गोष्ट तिला पहिल्या कोपऱ्यापर्यंतच पुरली. मागच्या महिन्यात बाबांचा श्वास लागला होता, तेव्हाही डायलिसिस दुसऱ्याच दिवशी होतं. छातीतून आवाज येत होता, तळाशी आलेलं सरबत नळीनं ओढल्यासारखा. ते आडवे होऊ शकत नव्हते.

दार लोटलं तेव्हा बाबा बसलेले होते. पाठीला दोन उशा. त्यांनी उशा कधी घेतल्या हे तिनं बघितलंच नव्हतं. काल घेतल्या होत्या का? परवा? दोन महिने ती या खोलीत फक्त जोड आणि नळ्या बघत होती.

कॉम्प्युटर बंद होता. त्या शांततेत त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"आणलंस?" त्यांनी विचारलं. "बिनरंगी?"

"नाही."

"का?"

"हिरवं सांगितलंय. आणि ते दुकानातच राहणार. भरायला डबा तिकडं नेणार."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग स्टुलावरच्या कॅनकडे, मग स्वतःच्या हातांकडे. ठिणगीनं कॅन उचलला, मोरीत नेला आणि उपडा केला. पाणी गडगड करत जाईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग ती रिकामा कॅन घेऊन बाहेर आली.

"नळाला हात नाही लावला मी," बाबा म्हणाले. लहान मुलासारखं नाही, अगदी सरळ म्हणाले. "आईला सांग. नळाला नाही लावला."

"माहितीय."

"तोंड इतकं कोरडं पडतं गं. जीभ टाळूला चिकटते. रात्रंदिवस तेच डोक्यात. आणि ते शेजारीच असायचं."

"मीच ठेवलं होतं."

"तू माझ्या झोपेसाठी करत होतीस."

तिनं फोन लावला. टेक्निशियननं वजन विचारलं, श्वास कसा आहे विचारलं आणि म्हणाला, आत्ता आणा, उद्याची वाट बघू नका, मी मशीन मोकळं करतो. मग तिनं आईला फोन केला. थोडक्यात सांगितलं. कॅनचं सांगितलं नाही. मग गाडी बोलावली. वीस मिनिटं लागतील, म्हणाले.

वीस मिनिटं करायचं काय? ती खाटेवर बाबांच्या पायाशी बसली. आधी ती रोज संध्याकाळी हे करायची. नडगीवर अंगठा दाबायचा, उचलायचा, आणि खड्डा किती वेळात भरतो ते मोजायचं; जितका उशीर, तितकं अंगात पाणी जास्त. दोन महिन्यांत किती वेळा केलं होतं ते तिला आठवेना. तिनं पायजमा वर सरकवला. पाय तुकतुकीत दिसत होता, ताणलेल्या फुग्यासारखा. तिनं अंगठा दाबला. तो आत गेला, हव्या त्यापेक्षा बराच आत.

तिनं अंगठा उचलला.

दोघंही त्या खड्ड्याकडे बघत राहिले. बाबांचा श्वास मोठा होत चालला होता. त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता.

"भरतोय बघ," ते म्हणाले.

आयुष्यात कुणाच्याही बोलण्याला पहिल्या फटक्यात होकार न दिलेली ठिणगी वाकून बघत राहिली. खड्डा तसाच होता.

"हो, बाबा," ती म्हणाली. "भरतोय."