गोड्या पाण्याने धुतलेली सॅक

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. तशी वयानं मी फार मोठी नाही, नुकतीच दोन वर्षांची झाले. पण मनाला काही लागून राहिलं की वय भराभर चढतं म्हणतात, तसं माझं झालं आहे. माझ्या जातीच्या वस्तू आपली कहाणी सांगताना छाती फुगवतात. मी मान खाली घालून सांगणार आहे, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म पांढरकवड्याला, हायवेच्या कडेला, गफ्फारचाचांच्या दुकानात झाला. चाचा ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात. नागपूरहून हैदराबादला जाणारे ड्रायव्हर त्यांच्या दारात गाडी उभी करतात, चहा पितात आणि फाटलेली ताडपत्री सांधून पुढे जातात. शेजारच्या निकिताला समुद्र पाहायला जायचं होतं आणि दुकानातल्या सॅकच्या किमती ऐकून तिचे डोळे पांढरे झाले होते. तेव्हा चाचांनी उरलेल्या निळ्या ताडपत्रीतून मला बेतलं. दुहेरी शिलाई, ट्रकच्या पट्ट्यांची लोखंडी बकलं, आत गादीचा कापूस भरलेले खांदे. दिसायला मी ओबडधोबडच होते. पण चाचांनी मला दोन विटा घालून खुंटीला टांगलं, दिवसभर तशीच ठेवलं, आणि संध्याकाळी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा मला फार अभिमान वाटला होता.

मला निकिताच्या हाती देताना चाचांनी एकच गोष्ट बजावली. बंदराकडून येणाऱ्या गाड्यांची कडी-बकलं मीठ कसं खातं हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. ते म्हणाले, "खारं पाणी लागलं का त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुजो बाई. नाही त बकल हातात येईन."

निकिता यवतमाळच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. हातानं चोख, डोक्यानं शांत, आणि समुद्र फक्त मोबाइलमध्ये पाहिलेली. सोबतीला नेरची तिची चुलतबहीण खुशी होती. एप्रिलमध्ये दोघी निघाल्या. रात्रभर रेल्वे, मग बस, आणि मग खाली कोकणात किनाऱ्या-किनाऱ्यानं पायी. सहा दिवस आम्ही गावोगाव फिरलो. घामानं माझे खांदे भिजत, रेतीनं माझी चेन अडत असे. वाटेत रंगीत, महागड्या सॅक भेटत आणि माझ्या लोखंडी बकलांकडे पाहून हसत. निकिता मात्र कोणी विचारलं की सांगायची, आमच्या चाचानं शिवली आहे. इतकं जपणारं माणूस मिळायला नशीब लागतं.

सातव्या दिवशी आम्ही एका बेटावर गेलो. चार घरं, नारळाची झाडं, आणि ज्यांच्याकडे राहायचं ते काकी नि आबा. आबा सत्तरीचे, अजून स्वतःची होडी वल्हवणारे. मुक्काम चार दिवसांचा ठरला होता. घरामागे पडवीत एक मोठा पांढरा ड्रम होता. काकींनी आल्याआल्या समजावून सांगितलं, की विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारट होतं, ते आंघोळीला. या ड्रमातलं गोडं पाणी शुक्रवारच्या होडीनं पलीकडून येतं, ते फक्त पिण्याला नि रांधायला. त्या दिवशी मंगळवार होता.

होडीतून उतरताना निकिताचा पाय घसरला आणि मी कमरेइतक्या समुद्रात पडले. झालं, तिला चाचांचं बोलणं आठवलं. विहिरीच्या पाण्यानं धुऊन उपयोग नव्हता. ती पडवीत गेली, इकडेतिकडे पाहिलं आणि ड्रमाची तोटी सोडली. दोन तांब्यांनी असं काय कमी होणार, असं तिला वाटलं असावं. विचारलं असतं तर काकींनी नाही म्हटलं नसतं, पण तिनं विचारलं नाही. तिनं मला बकलासकट चोळून-चोळून धुतलं, दोरीवर टांगलं आणि खुशीला हाक मारत किनाऱ्यावर निघून गेली.

तोटी उघडीच राहिली.

मित्रांनो, यात तिचा दोष किती आणि आमच्या मुलखाचा किती, हे मला अजून ठरवता येत नाही. निकिताच्या आळीत नळ पाचव्या-सहाव्या दिवशी येतो, कधी येईल त्याचा नेम नसतो. म्हणून तिथे कोणीच तोटी बंद करत नाही. उघडी ठेवायची, खाली बादली ठेवायची, आणि बादली वाजली की समजायचं, पाणी आलं. तोटी फिरवून बंद करायची सवय तिच्या हाताला लहानपणापासून नव्हतीच.

आणि त्या बेटावर खाली बादली नव्हती, रेती होती. रेतीत पाणी पडलं की आवाज होत नाही, डबकंसुद्धा साचत नाही. काकी पुढच्या अंगणात मासे वाळवत होत्या, आबा जाळं विणत होते. दोरीवरून मी एकटी ती धार पाहत होते. माझ्यासाठी उघडलेली धार. मला तोंड नव्हतं आणि हलायला वाराही नव्हता. दुपारभर मी वाळत राहिले आणि ड्रम रिकामा होत राहिला.

संध्याकाळी काकी भाताचं पाणी घ्यायला आल्या. तोटीतून दोन थेंब आले. निकिता मागेच उभी होती, तिला तत्क्षणी कळलं. तिनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात काकी आबांवर बरसल्या होत्या. दुपारी तुम्हीच पाणी प्यायला आलात, तुम्हीच तोटी सोडून गेलात, वय झालं, भान राहत नाही. आबा आधी नाही म्हणाले. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, की राहिली असेल बाबा.

माडाआड नेऊन खुशीनं निकिताचा दंड धरला. "सांगून दे ना वं. काहून गप बसली?"

"आता सांगून काय पाणी वापस येते?" निकिता म्हणाली.

हे वाक्य मी दोरीवरून ऐकलं आणि मला माझ्या कोरड्या, स्वच्छ अंगाची लाज वाटली.

घरात अर्धा हंडा पाणी आणि दोन शहाळी उरली होती. शहाळी पोरींना मिळाली. काकी-आबांना तहान नव्हती म्हणे. शेजारच्या घरांतही तळाचंच पाणी होतं. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि पलीकडची होडी शुक्रवारीही येणार नाही असा निरोप आला. तेव्हा आबांनी चार कॅन घेतले आणि काकी नको नको म्हणत असताना होडी लोटली. निकिता किनाऱ्यावर उभी राहिली. लाटेआड होडी दिसेनाशी व्हायची तेव्हा ती माझा पट्टा इतका आवळायची की शिलाई कुरकुरायची. त्या चार तासांत तिनं एकदा जरी खरं सांगितलं असतं तरी होडी मागे फिरणार नव्हती, हे खरं. पण काकींच्या शेजारी उभं तरी राहता आलं असतं. उन्हं उतरता आबा आले, ओलेचिंब, हाताची सालटं निघालेली, चारही कॅन भरलेले. पहिला तांब्या त्यांनी पाहुण्यांना दिला. निकितानं तो प्यायला.

आम्ही परतलो. पांढरकवड्यात माझं कौतुक झालं, त्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचा येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरला माझी बकलं दाखवत, पाहा, समुद्रात पडून आली तरी गंजाचा ठिपका नाही. गंजली असती तर बरं झालं असतं. निकितालाही ते ऐकवेना. तिनं मला कपाटावर टाकलं. वर्षभर मी तिथे धूळ खात पडले, आणि खोटं कशाला सांगू, ती मला हवीच होती.

या मार्चमध्ये एका ड्रायव्हरला आपल्या पोरीसाठी तशीच सॅक हवी होती, म्हणून चाचांनी नमुन्यासाठी मला मागवलं. निकिता मला घेऊन दुकानात आली. चाचांनी धूळ झटकली, बकलांवरून बोट फिरवलं आणि खूश होऊन विचारलं, की सांगितलं तसं गोड्या पाण्यानं धुतली होती ना? बस्स, निकिताला रडू फुटलं. तिनं सगळं सांगितलं. चाचांनी मशीन थांबवलं.

मग म्हणाले, "मले कायले सांगून राह्यली? ज्याचं पाणी होतं, त्याले सांग."

दुकानाच्या पायरीवर बसून, मला मांडीवर घेऊन तिनं फोन लावला. काकींनी ओळखलं. निकितानं एका दमात सांगून टाकलं.

"माका तेवाच कळला, गो," काकी म्हणाल्या. "तुझी पिशवी सुकली, पण तिच्यार मीठ नाय दिसला. पावण्यांका कसा बोलाचा? म्हणान घरच्या माणसाक बोललंय."

म्हणजे साक्ष मीच दिली होती, दोरीवर लटकून, दिवसाढवळ्या. काकींनी ती वाचली आणि पाहुणीची मान खाली जाऊ नये म्हणून आपल्या माणसाची घातली. निकिता रडतच होती. तेवढ्यात आबांनी फोन घेतला. यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते पोरीची विचारपूस करू लागले आणि मग आवाज उतरवून म्हणाले, की त्या वर्षी माझ्यामुळे तुम्हाला तहानेनं राहावं लागलं, राग धरू नका. तेव्हापासून ते दिवसातून चारदा तोटी पाहून येतात. होडीही आता एकटे नेत नाहीत, काही विसरलो तर काय घ्या, म्हणतात.

निकितानं डोळे पुसले. "आबा, तोटी मी उघडी ठेवली होती. तुम्ही नाही."



"म्हणजे मी इसारलंय नाय तर," आबा म्हणाले.

"नाही आबा."

त्यांनी ते पुन्हा एकदा विचारलं. तिनं पुन्हा एकदा सांगितलं.

मित्रांनो, शेवटी 'आम्हाला जपा' असं सांगायची आम्हा वस्तूंची रीत आहे. मला ते म्हणायला तोंड नाही, मला तर फारच जपलं गेलं. मी एवढंच मागते: चूक झाली तर त्याच जागी, त्याच दिवशी सांगा. आपण गप्प राहिलो म्हणून चूक नाहीशी होत नाही. ती जवळच्या एखाद्या भल्या माणसाच्या अंगाला चिकटते, आणि तो बिचारा ती आपलीच समजून, आपल्या चांगल्या हातावरचा विश्वास घालवून बसतो.