नव्याण्णव फुटांचा टेप

मित्रांनो, मी जन्मलो तेव्हा शंभर फुटांचा होतो. आता नव्याण्णव फुटांचा आहे. माझा एक फूट कुठे गेला आणि त्याच्यापायी एका बाईचं घर कसं कापलं गेलं, ते मी तुम्हाला सांगणार आहे. ऐकायला गोड लागणार नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात, माणसांना दुवा देतात. मला ते जमत नाही. मी पोलादाचा आहे आणि मला राग आलेला आहे.

मी मोजणीचा टेप. कारखान्यात माझी पट्टी तापवली, लाटली, तेलात विझवून कडक केली. अंगावर आकडे कोरले. गुंडाळायला पितळी दांडा दिला, राहायला चामड्याचं गोल घर दिलं, आणि टोकाला एक कडी बसवली, खुंटीत अडकवायला. तेव्हा माझं शून्य शून्यावर होतं. टेपला याहून मोठा अभिमान नसतो.

मला अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या ईस्ट हॅलम गावाने विकत घेतलं. त्या गावात आपल्याच जागेत खोली वाढवायची म्हटली तरी शेजाऱ्याच्या हद्दीपासून पंधरा फूट सोडावे लागतात. ज्याला सोडता येत नाहीत त्याने झोनिंग बोर्डापुढे उभं राहून सूट मागायची. बोर्डात पाच माणसं. पाचही गावातलीच, बिनपगारी. बिनपगारी माणसाच्या हातात अधिकार दिला की तो आपला पगार अधिकारातूनच वसूल करतो, हे मी पस्तीस वर्षं पाहिलं आहे.

माझा पहिला मालक व्हर्नन टटल, गावाचा बांधकाम तपासनीस. उंच, कोरडा, चिकट माणूस. त्याच्या हातात मी रोज उन्हातान्हात, बर्फात फिरलो. हद्दीच्या लोखंडी खुंटीत माझी कडी अडकवायची, मला ताणायचं, आकडा वाचायचा. कोणाचं गॅरेज, कोणाची ओसरी, कोणाची कोंबड्यांची खुराडी. मी कोणाला झुकतं माप दिलं नाही.

नवव्या वर्षी व्हर्ननने मोटारीचा दरवाजा माझ्यावर आपटला. कडीसकट माझा पहिला फूट तुटून चिखलात पडला. दुसऱ्या कोणी नवा टेप मागितला असता. पण त्या भागातल्या जुन्या घराण्यांना नवी वस्तू घेणं म्हणजे अब्रू गेल्यासारखं वाटतं. फाटेपर्यंत वापरायचं आणि फाटल्यावर ठिगळ लावून वापरायचं, यातच त्यांचं पुण्य. व्हर्ननने एक फुटाच्या खुणेवर भोक पाडून नवी कडी ठोकली. म्हणजे आता मी एकपासून सुरू होत होतो. सोळा फूट दाखवले की खरे पंधरा. व्हर्नन मनातल्या मनात एक वजा करायचा. चामड्याच्या झाकणाच्या आत त्याने पेन्सिलीने लिहूनही ठेवलं, ‘एक वजा कर.’

बोर्डाने सभेत त्याचं कौतुक केलं. गावाचा खर्च वाचवला म्हणून टाळ्या वाजल्या. मी टेबलावर पडून ऐकत होतो. मोडक्या वस्तूचं कौतुक चाललं आहे की मोडक्या अकलेचं, ते मला कळेना.

व्हर्नन सव्वीस वर्षं एक वजा करत राहिला आणि एकदाही चुकला नाही. मग तो निवृत्त झाला. गावाने त्याला नक्षीची खुर्ची दिली, भाषणं झाली, केक कापला. मला नव्या तपासनिसाच्या हातात दिलं. त्याचं नाव डीन पाकेट. झाकणातली पेन्सिल केव्हाच पुसली गेली होती. त्या सगळ्या भाषणांत कोणी एवढं एक वाक्य बोललं नाही की बाबा, याच्यातून एक वजा करायचा असतो.

तुम्ही म्हणाल, डीनला दिसलं कसं नाही? टेपचं तोंड कोण बघतं? सगळे आकडा बघतात, आणि आकडा दुसऱ्या टोकाला असतो.

दीड वर्ष डीनने मला ताणलं आणि दीड वर्ष मी खोटं बोललो. मला थांबता येत नव्हतं.

त्याच दिवसांत आम्ही अडेल कुलिकच्या अंगणात गेलो. अडेल शाळेची बस चालवायची. रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची बाई. तिची थोरली बहीण ल्युसिल तिच्याजवळ राहायची. ल्युसिलची फुप्फुसं निकामी होत चालली होती. नाकात नळी, चाकाच्या खुर्चीला बांधलेलं ऑक्सिजनचं नळकांडं. झोपायची खोली आणि न्हाणीघर दोन्ही वरच्या मजल्यावर, आणि जिना चढायला तिला अर्धा तास लागायचा. म्हणून अडेलने खाली एक खोली आणि खुर्ची आत वळेल असं न्हाणीघर बांधायला काढलं.

पाया ओतायच्या आधी डीनने माप घेतलं. मी साडेपंधरा दाखवले.

"सहा इंच जास्तच सोडलेत तुम्ही," डीन म्हणाला.

"मुद्दामच," अडेल म्हणाली. "बोर्डाच्या तोंडी लागायची हौस नाही मला."

डीनने सही केली. पाया ओतला, खोली उभी राहिली. ल्युसिल खाली राहायला आली. पहिल्या दिवशी तिने न्हाणीघरात खुर्ची तीनदा गोल फिरवून घेतली.

खरं अंतर होतं साडेचौदा.

शेजारी डग्लस फेन. शहरातून गावच्या तळ्याकाठी येऊन त्याला पाच वर्षं झाली होती. अडेलची पिवळी बस दारात उभी असते म्हणून त्याने आधीच दोन तक्रारी केल्या होत्या. आता नव्या भिंतीमुळे त्याच्या बाकावरचं संध्याकाळचं ऊन गेलं. त्याने शहरातून मोजणीदार आणला. त्या माणसाच्या हातात नवं यंत्र होतं, त्याला वजा-बेरीज लागत नव्हती. सहा इंच कमी, असा कागद त्याने लिहून दिला. अडेलला नोटीस आली, पाडा नाहीतर सूट मागा.

डीनचा विश्वास बसेना. कचेरीच्या फरशीवर त्याने मला पसरलं आणि शेजारी एक साधी फूटपट्टी ठेवली. तेव्हा त्याने माझं तोंड पाहिलं. मला गुंडाळून तो तसाच व्हर्ननच्या घरी गेला. व्हर्नन गावाने दिलेल्या खुर्चीत बसून सूप पीत होता.

"एक वजा करायचा," व्हर्नन म्हणाला. "तुला कोणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार होतं, व्हर्नन?"

"सगळ्यांना माहीत होतं."

"सगळे म्हणजे कोण?"

व्हर्ननने चमचा खाली ठेवला. "मी," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी बोर्ड जागा पाहायला आलं. अडेलने कॉफी केली होती, खसखस भरलेला गोड रोल कापून ठेवला होता. बोर्डाचा चेअरमन रसेल हॅडली पांढऱ्या भुवयांचा, हळू बोलणारा गृहस्थ. तो म्हणाला, "अर्जदाराच्या घरचं आम्हाला पाणीसुद्धा चालत नाही."

खिडकीतून ल्युसिल म्हणाली, "खा हो. विष घालणार होते, पण घरात शिल्लक नव्हतं."

पाच माणसं भिंतीकडे पाहत उभी राहिली. सहा इंच डोळ्यांना दिसतात का, मित्रांनो? पण ते असे पाहत होते की जणू भिंतीने कोणाचा खून केला आहे.

सुनावणी गावच्या सभागृहात झाली. मी डीनच्या पट्ट्याला लटकलेलो होतो.

"सूट जमिनीच्या अडचणीसाठी असते," हॅडलीने सुरुवात केली. "तुमच्या जागेत खडक आहे का? उतार? पाणी साचतं?"

"जमीन ठणठणीत आहे," अडेल म्हणाली. "आजारी माझी बहीण आहे."

"ती अडचण बोर्डाच्या कक्षेत येत नाही."

"म्हणजे खडकाला बरं नसेल तर तुम्ही ऐकणार, माणसाला बरं नसेल तर नाही?"

"कायदा मी केलेला नाही, बाई."

फेन उभा राहिला. "मला दोघी बहिणींबद्दल सहानुभूतीच आहे. पण नियम म्हणजे नियम."

"डग्लस, तुझं दुखणं सहा इंचांचं नाही. माझी बस तुला खुपते."

"बोलायचं ते बोर्डाला उद्देशून," हॅडली म्हणाला.

"बरं. चेअरमनसाहेब, डग्लसला सांगा की त्याला माझी बस खुपते."

मागच्या रांगेत खसखस पिकली. तेवढ्यात डीन पुढे गेला आणि त्याने मला टेबलावर ठेवलं.

"चूक हिची नाही. हिने जास्तच अंतर सोडलं होतं. टेप तुटका आहे आणि तो गावाचा आहे. माप मी घेतलं, सही माझी आहे."

"डीन, तू गावाचा नोकर आहेस. विचारल्यावर बोल."

"दीड वर्षात मी याच टेपने एकतीस बांधकामं मोजलीत, साहेब."

हॅडलीचा हात पाण्याच्या पेल्याकडे जाता जाता थांबला. त्या एकतिसांत एक नवी ओसरी होती, तळ्याच्या रस्त्यावरची, रसेल हॅडलीची. तीही मीच मोजली होती. त्या क्षणी त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे मला कळलं. अडेलची चूक गावाची ठरली, तर उरलेली तीसही उघडकीला येणार होती.

"टेप पुरावा म्हणून फाइलला जोडा," तो म्हणाला. "आपलं बांधकाम नियमात आहे की नाही हे पाहणं मालकाचं काम असतं. मतदान घेऊ."

सूट द्यावी म्हणून तीन हात वर झाले. देऊ नये म्हणून दोन. दोनातला एक हॅडलीचा.

तुम्हाला शाळेत शिकवतात की तीन हे दोनापेक्षा मोठे असतात. बोर्डात नसतात. तिथे पाचांपैकी चार मतं लागतात. अडेल तीन-दोनने हरली.

भिंत मागे घ्यायला साठ दिवस दिले. भिंतीची साल काढता येत नाही, मित्रांनो. गवंडी म्हणाला, सहा इंचांसाठी दोन फूट मागे सरावं लागेल, नवा पाया घालावा लागेल. तसं केलं. न्हाणीघर उरलं, पण खुर्ची आत वळेना. अडेलने बहिणीला उचलून न्यायचा प्रयत्न केला, दोघी पडल्या, अडेलचं मनगट मोडलं. मनगट मोडलेल्या बाईला बस कोण देणार? ल्युसिलला पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात ठेवलं.

हे डीन फाइलला कागद जोडताना कारकून बाईला सांगत होता. मी त्याच फाइलच्या खोक्यात होतो. खोकं सभागृहाच्या कपाटात, आणि त्या कपाटाचं दार लागत नाही, म्हणून सभा मला दिसतात. गावाने दुसऱ्याच आठवड्यात नवा टेप घेतला होता. त्यावर चर्चा झाली नाही, टाळ्याही नाहीत.

डीनने मात्र एक काम केलं, त्याबद्दल मी त्याला मानतो. नव्या टेपने त्याने उरलेली तीसही बांधकामं पुन्हा मोजली आणि जिथे जिथे कमी भरलं तिथे पत्र पाठवलं. ओसरीलाही पाठवलं. सगळीकडेच एकेक फूट खोटा होता, पण कायद्याला कमी पडलेली घरं निघाली बावीस. गावात भडका उडाला. ज्यांनी अडेलच्या वेळी मागच्या रांगेत बसून मजा पाहिली, ते आता पहिल्या रांगेत येऊन ओरडत होते.

बोर्डाने एका बैठकीत बावीसच्या बावीस घरांना सूट देऊन टाकली. ठरावात लिहिलं, गावाच्या सदोष साधनाची शिक्षा नागरिकांना होऊ नये. ओसरीचा विषय आला तेव्हा हॅडली नियमाप्रमाणे खुर्चीवरून उठला, खाली जाऊन बसला, बदली सदस्याने त्याच्या जागी हात वर केला, आणि हॅडली परत येऊन खुर्चीवर बसला. दोन मिनिटंही लागली नाहीत. नियम कसे पाळावेत ते त्याच्याकडून शिकावं.

शेवटी त्याने विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का? मागून अडेल उठली. मनगटाला प्लास्टर होतं.

"माझ्या अर्जाचं काय?"

"तो निकाली निघालाय. तोच अर्ज वर्षभर पुन्हा विचारात घेता येत नाही." हॅडलीने कागद चाळला. "आणि आता तर तुमचं बांधकाम नियमातच आहे. सूट कशाला हवी?"

अडेलने सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली. शेजारी, तिच्या बसमधून शाळेत गेलेल्या पोरांचे आईबाप.

"खरंय," ती म्हणाली. "कमी भरलेल्यांत माझं एकटीचंच घर आता नियमात आहे." आणि ती निघून गेली. तिच्यासाठी दार धरायलाही कोणी उठलं नाही.

मित्रांनो, मला तेल लावा, काचेत ठेवा, असं मागणं मी मागत नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या हातून एखादी वस्तू मोडली तर त्याच दिवशी मोडली म्हणा. तुमच्यानंतर ती ज्याच्या हातात जाणार आहे त्याच्या तोंडावर सांगा. ठिगळ लावून वर्षानुवर्षं निभावून नेणाऱ्यासाठी टाळ्या वाजवू नका. आणि चूक तुमची असून भरपाई दुसरा करतोय असं दिसलं, तर आधी खुर्ची सोडा, मग नियम सांगा.

हे आत्ता जमत नसेल तर काळजी करू नका. मोठेपणी तुम्हीही त्या पाच खुर्च्यांपैकी एकीवर बसाल, आणि तुम्हाला झोप छान लागेल.