मांजरपाटात शिवलेलं पुस्तक

बीडच्या हॉटेलात बीडच्याच माणसाला खोली देत न्हाईत, हे मला माझी लेक सत्यशीला डॉक्टर झाली त्या दिशी कळलं.

"लोकल आधार चालत नाही, मॅडम," काउंटरवरची बाई माझं कार्ड उलटंपालटं करत म्हणली. "तलवाडा, तालुका गेवराई. म्हणजे लोकलच झालं. वरून नियम आहे."

"आगं बाई, मंग काय दिल्लीहून आधार काढून आणू?" मी म्हणलं. "आमी काय चोर हाव का?"

सत्यशीलानं माझा हात दाबला. ती आत्ताच रस्त्यापलीकडच्या कॉलेजातून तोंडी परीक्षा देऊन आल्ती, तिला भांडण नको होतं. "रूम माझ्याच नावानं बुक आहे," ती म्हणली. "पैसे मी भरलेत, उद्या दुपारपर्यंतचे. आमचे पाहुणे लवकर गेले, म्हणून आम्ही थांबतोय. डॉक्टर सत्यशीला, बघा तुमच्यात."

डॉक्टर म्हणताना पोरगी कानापर्यंत लाल झाली. बाईनं तोंड वाकडं केलं, पर एटीएमसारखं एक कार्ड दिलं. तीच म्हणं किल्ली.

आता हे पाहुणे कोण, ते सांगते. पीएचडीची परीक्षा घ्यायला परगावचे साहेब येतात. त्यांचं राहणं, खाणं, गाडी, शाल, समदं पोरीनं बघायचं. असं कुठं लिवलेलं न्हाई. पर तिचे गाईडसर म्हणले, "साध्या लॉजवर नको हं. कॉलेजच्या फाटकासमोरचंच हॉटेल बघा. पुण्यात, नाशकात साहेब त्याच नावाच्या हॉटेलात उतरतात." साहेब बायकोला घिऊन आले. सकाळी न्याहारीला पोहे गार हायत म्हणून परत पाठवले, दोनदा. जावयानं एवढा मान मागितला असता तर मी दारातून वाटंला लावला असता.

पर मी गप बसले, कारण मला एकच पाहिजे होतं. साहेबानं चतुराबाईचं इचारावं.

चतुराबाई आमच्या तलवाड्याची सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापली. सत्यशीला पायाळू. तिचे पाय आधी आले तवा समदे म्हणले, गेली ही बाई. चतुराबाई म्हणली, "गप बसा रांडांनो, कंदील धरा." तिच्यामुळं आमी दोघी हाव. सत्यशीलानं पुस्तक केलं तेच सुईणींवर, अन् त्यातलं निम्मं चतुराबाईच्या तोंडचं. दोन उन्हाळे म्हातारी आमच्या वसरीवर बसून सांगत होती, हातानं करून दाखवत होती. बदल्यात तिनं चहाशिवाय काय घेतलं न्हाई. एकच म्हणायची, "बाई, माझं नाव घालशील ना? रेशनकार्डावरबी ल्योकानं धड लावलं न्हाई. मला वाचता येत न्हाई, पर तू दाव, मी त्याच्यावर बोट ठिवीन."

"घालीन की," सत्यशीला म्हणायची. मी ऐकलंय माझ्या कानानं. म्हातारी गेल्या चैतात गेली.

तर परीक्षेला मी मागच्या खुर्चीवर बसले. साहेब उठले. म्हणले, "मी हा प्रबंध बारकाईनं वाचला आहे. अत्यंत मौलिक काम." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आपली वाट बघतीय, आता इचारतील, मंग इचारतील. शेवटी इचारलं एकदाचं: "कपिलधारच्या धबधब्याला आत्ता पाणी असेल का हो?"

"आहे सर," सत्यशीला म्हणली. झाली परीक्षा. साहेब जेवले, बायकोला घिऊन कपिलधारला गेले अन् तिकडूनच पुढं.

लिफ्टमधी सत्यशीला मला बिलगली. "माय, बारकाईनं वाचला म्हणले." माझाबी जीव निवला. म्हणलं, जाऊ दे पोहे.

खोली चांगली होती, खोटं कावून बोलू. गादी मऊ, पडदे ढिगानं, साबण बोटाएवढा. मी लुगडं बदलावं म्हणून कपाट उघडलं, तर खालच्या फळीवर, इस्तरीच्या बाजूला, पांढरं गाठोडं.

मी वळखलं. का न्हाई वळखणार? गाईडसर म्हणलते, साहेबाला वाचायला पुस्तकाची प्रत पाठवायचीय, नीट बांधून द्या. पावसाचे दिस, म्हणून मीच ती मांजरपाटात शिवली, लाल दोऱ्यानं, चारी बाजूंनी. माझे टाके जसेच्या तसे होते. एक दोरा उसवला नव्हता.

"मुडदा बशिवला त्याचा!" माझ्या तोंडून निघालं.

सत्यशीला पलंगाच्या काठावर बसली. "माय, त्यांचा रिपोर्टबी गाईडसरांनी माझ्याकडूनच लिहून घेतलता," ती म्हणली. "'मौलिक' हा शब्द माझाच हाय. पर मला वाटलं, सही करायच्या आदी तरी चाळला आसंल."

अंगाची नुसती लाही झाली माझ्या. ज्या पोरीनं पाच वर्सं डोळे फोडले, तिनं सोताच सोताला शाबासकी लिहून द्यायची? अन् वरून पोहे गार!

"आण ते हिकडं," मी म्हणलं. "त्यानं न्हाई घेतली परीक्षा, तर मी घेते. चौथी शिकलेली हाय मी, अक्षरं लागतेत मला."

टाके मी दातानं तोडले. आत काळं जाडजूड पुस्तक. वर गाईडसरांचं नाव सोनेरी अक्षरात, हे एवढं. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं.

"माझा एकच सवाल. चतुराबाई कुठंय, दाव."

तिनं पानं उलटली. एकदा पुढं गेली, एकदा मागं आली. मंग एका पानावर थांबली अन् पुस्तक माझ्याकडं सरकवलं. मी अक्षर लावून वाचलं. पायाळू लेकरू, कंदील, समदं होतं. खाली लिवलं होतं: माहितीदार क्रमांक चार.

"ही कोण?"

पोरगी ओढणीनं चष्मा पुसाया लागली.

"सत्ये, ही कोण हाय?"

"तीच, माय. खरं नाव लिवत न्हाईत. गाईडसर म्हणले, नियम हाय."

"वरून?"

तिनं मान खाली घातली. "मी घालणार होते. त्यांनी खोडलं, मंग मी काय बोलले न्हाई. बोलले असते तर आजून वरीसभर लटकवलं असतं."

साहेबानं इचारलं असतं तरी पोरीला उत्तर न्हवतंच. मला त्या म्हातारीचं बोट आठवलं, नाळ बांधून बांधून वाकडं झालेलं. मी माझं बोट त्या चारवर ठेवलं.

"काढ की माय," सत्यशीला रडत म्हणली. "काढ ना बोट."

मी काढलं न्हाई.